‘बारीक नसा बंद झाल्या’ म्हणजे नेमक्या कोणत्या नसा? मधुमेह, पाय आणि हात

कृष्णाकाठ

माझ्या वडिलांचे वय ६८ असून त्यांना मधुमेह होऊन १९ वर्षे झाली आहेत. उजव्या तळपायाला, अंगठ्याच्या बुडाशी, त्यांना एक भोवरी होती. तीन महिन्यांपूर्वी ती त्यांनी घरीच ब्लेडने खरवडली आणि तिथे रुपयाच्या नाण्याएवढी जखम झाली. जखम दुखत नव्हती, आणि दुखत नव्हती म्हणूनच पहिले पंधरा दिवस त्यांनी ती कोणाला दाखवली नाही. आता ज्या शल्यचिकित्सकांकडे आम्ही गेलो त्यांनी पाय हातात घेऊन पाहिला आणि “मधुमेहामुळे बारीक नसा बंद झाल्या आहेत, त्या उघडता येत नाहीत, अंगठा काढू आणि पुढचे पुढे पाहू,” असे सांगितले.

आईने विचारले, “पायाला मुंग्या येतात, त्याच नसा का?” त्यावर उत्तर आले, “हो, त्याच.” भावाने विचारले, “म्हणजे रक्ताच्या नसा ना?” त्यावरही उत्तर “हो” असेच आले. घरी येताना गाडीत आमच्या लक्षात आले की या दोन प्रश्नांना एकच उत्तर असू शकत नाही. अंगठा काढण्याच्या कागदावर सही करण्यापूर्वी नेमके काय बंद झाले आहे ते मला समजून घ्यायचे आहे. जाणकारांनी लिहावे ही विनंती.

सूक्ष्मदर्शी

मी वैद्यकीय महाविद्यालयात बरीच वर्षे विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) शिकवले आहे. रुग्ण तपासण्याचे काम माझे नाही, त्यामुळे आपल्या वडिलांच्या पायाविषयी मी मत देणार नाही. मात्र आपल्या आईने आणि भावाने विचारलेले प्रश्न अगदी योग्य आहेत, हे आधी सांगतो.

मराठीत ‘नस’ हा शब्द आपण निदान चार गोष्टींसाठी वापरतो. हृदयाकडून रक्त नेणारी रोहिणी ही नस, हृदयाकडे रक्त आणणारी नीलाही नस, संवेदना वाहून नेणारा चेतातंतू हीसुद्धा नस, आणि मान अवघडली की ‘नस धरली’ म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा बिचारा स्नायूच आखडलेला असतो. मधुमेहात पायाच्या पहिल्या तीन प्रकारच्या ‘नसां’पैकी रोहिणी आणि चेतातंतू यांना त्रास होतो, पण वेगवेगळ्या तऱ्हेने, आणि रोहिणी व नीला यांना जोडणारे केशवाहिन्यांचे जाळे असते, ज्यात तिसऱ्याच तऱ्हेचा बिघाड होतो.

केशवाहिनीचा व्यास ५ ते १० मायक्रॉन असतो. तांबडी रक्तपेशी स्वतःच सात-आठ मायक्रॉनची असल्यामुळे तिला पुष्कळदा अंग चोरून, एकामागे एक अशा रांगेनेच तिथून जावे लागते. या वाहिनीची भिंत म्हणजे पेशींचे एकपदरी अस्तर आणि त्याला बाहेरून लगटलेला एक पातळ आधारपटल, एवढेच. स्नायूंच्या पेशी इन्सुलिनने दार उघडल्याशिवाय फारशी साखर आत घेत नाहीत. या अस्तराच्या पेशींना मात्र दार लावून घेण्याची सोय नाही. रक्तात साखर वाढली की ती त्यांच्या आतही वाढते. मग वाहिनी रुंद करणारा नायट्रिक ऑक्साइड पुरेसा मिळेनासा होतो, भिंतीतल्या प्रथिनांना साखर चिकटून ती ताठर होतात, आणि आधारपटल वर्षानुवर्षे जाड होत जातो. अमेरिकी संशोधक मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये या निरनिराळ्या बिघाडांचा उगम एकच आहे, तो म्हणजे पेशींच्या मायटोकाँड्रियांत (ऊर्जा तयार करणाऱ्या भागांत) प्रमाणाबाहेर तयार होणारा सुपरऑक्साइड, म्हणजे प्राणवायूचे एक घातक रूप, अशी मांडणी केली.

हे सर्व शरीरभर घडते, पण पावलांत अधिक घडते, कारण आपण उभे राहतो. उभे राहिल्यावर हृदयापासून पावलापर्यंतच्या रक्ताचा सगळा भार पावलांतल्या केशवाहिन्यांवर येतो. निरोगी माणसात त्याच क्षणी अलीकडच्या बारीक रोहिण्या आकुंचन पावून हा दाब अडवून धरतात. मधुमेहात ही पहारेदारी ढिली पडते, आणि तो दाब सोसता सोसता आधारपटल आणखी जाड होतो.

आता मुख्य मुद्दा. या प्रक्रियेत भिंत जाड होते, पण वाहिनीची पोकळी बंद होत नाही. बिघडते ते तिचे वागणे. एरवी, काही इजा नसताना, पावलाच्या कातडीला पुरेल इतके रक्त मिळत असते. परंतु जखम झाली, जंतू शिरले, पाय भाजला, की रक्ताचा ओघ कित्येक पटींनी वाढायला हवा, आणि तो तसा वाढत नाही. पांढऱ्या पेशी आणि प्राणवायू जखमेच्या काठापर्यंत हवे तितके पोहोचत नाहीत. म्हणून जखम रेंगाळते. ‘रेंगाळते’ आणि ‘भरूच शकत नाही’ यांत जे अंतर आहे, त्यावर पुष्कळांचे पाय अवलंबून असतात.

सूक्ष्मदर्शी

वरच्या प्रतिसादात एक गोष्ट मुद्दाम वेगळी ठेवली होती, कारण तिला इतिहास आहे.

‘बारीक नसा बंद झाल्या’ ही समजूत १९५९ मधल्या एका शोधनिबंधापासून रूढ झाली. गोल्डनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कापून काढलेल्या पायांच्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या आणि मधुमेहात बारीक रोहिण्या एका विशिष्ट तऱ्हेने बुजतात असा निष्कर्ष काढला. पुढे १९६४ मध्ये स्ट्रँडनेस आणि सहकाऱ्यांनी, कोणता नमुना मधुमेही रुग्णाचा आणि कोणता इतराचा हे तपासणाऱ्याला कळू न देता, तशीच पाहणी केली तेव्हा हा फरक दिसला नाही. तरीही मूळ समजूत पाठ्यपुस्तकांतून आणि वॉर्डातल्या बोलण्यातून टिकून राहिली. अखेर १९८४ मध्ये बोस्टनच्या लोगर्फो आणि कॉफमन यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये स्पष्ट लिहिले की मधुमेही पावलात बारीक वाहिन्या बुजवणारा असा काही खास विकार असल्याचा पुरावा नाही, आणि या समजुतीपायी वाचवता येण्याजोग्या पायांवर उपचार टाळले जाऊ नयेत.

मधुमेहात खरोखर बुजतात त्या गुडघा आणि घोटा यांच्यामधल्या तीन रोहिण्या, आणि त्या काही ‘बारीक’ नव्हेत. साध्या डोळ्यांनी दिसतील एवढ्या, दोन-तीन मिलिमीटर व्यासाच्या असतात. त्यांत भर म्हणजे पावलातली पुढची रोहिणी पुष्कळदा शाबूत राहिलेली असते. शेताकडे येणारा पाट मध्येच कुठेतरी गाळाने भरला आहे, पण वाफ्यांतल्या सऱ्या मोकळ्या आहेत, अशी ही अवस्था आहे. गाळ फुग्याने बाजूला सारता येतो, किंवा रुग्णाचीच एक नीला वापरून वळणाचा पाट काढता येतो. प्रत्येकाला ते जमते असे नाही. पण पाहिल्याशिवाय ‘उघडता येत नाही’ असे म्हणता येत नाही.

माणदेशी

सूक्ष्मदर्शी यांनी शास्त्र छान सांगितले, पण आमच्याकडे साधे उपायही आहेत. माझ्या सासऱ्यांचे पाय बधिर झाले होते तेव्हा रोज रात्री गरम पाण्यात मीठ घालून शेक, खोबरेल तेलाचे मर्दन आणि सकाळी ॲक्युप्रेशरच्या टोचऱ्या चपला घालून अर्धा तास फेऱ्या, असा नेम ठेवला होता. रक्त खेळते राहते. करून पाहायला काय हरकत आहे?

जुनी_पांढरी_टोपी

हरकत आहे, आणि ती कठोर शब्दांत नोंदवणे भाग आहे, माणदेशी यांनी राग मानू नये. मी एकतीस वर्षे परिचारिका होते. त्यांतली शेवटची अकरा मधुमेही पायांच्या ड्रेसिंगच्या खोलीत काढली.

बधिर पायाला पाणी किती गरम आहे ते कळत नाही. आमच्याकडे येणाऱ्या भाजलेल्या पायांमध्ये अपघाताने भाजलेले थोडे आणि प्रेमाने शेकलेले जास्त असायचे: गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक, शेगडीजवळ धरलेला पाय. शेकल्याने आणखी एक बिघडते. उष्णतेने कातडीची रक्ताची गरज वाढते, आणि वर वाचलेच आहे की वाढीव रक्त पुरवणे हेच या पायाला जमत नाही. गरज वाढली, पुरवठा तेवढाच राहिला, की कडेची कातडी मरते. टोचऱ्या चपलांचे तर विचारूच नका. ज्याला खडा टोचलेला कळत नाही त्याने मुद्दाम खड्यांवर चालायचे! तेल लावायला हरकत नाही, भेगांसाठी ते चांगलेच. फक्त बोटांच्या बेचक्यांत लावू नये, तिथे ओल राहून कातडी कुजते.

उन्हाळ्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालून तळपायाचे सालटे निघालेले रुग्ण मी दर वर्षी पाहिले. आषाढात वारीहून परतलेले वारकरी टाचेवरचा फुटलेला फोड घेऊन येत. त्यांना चालू नका असे मी कधी सांगितले नाही, ते ऐकणारही नव्हते. मी एवढेच सांगत असे की मुक्कामाला पोहोचल्यावर माउलींचे नाव घेत दोन्ही तळवे आरशात पाहा, आणि स्वतःला दिसत नसेल तर शेजारच्या वारकऱ्याला दाखवा.

एक साधी खूण सर्वांनी लक्षात ठेवावी. चालता चालता चप्पल पायातून निसटली आणि चार पावले पुढे गेल्यावर ते कळले, किंवा फरशीवर चालताना कापसावर चालल्यासारखे वाटले, तर संवेदना गेलेली आहे. दवाखान्यात यासाठी १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून पाहतात. त्याला दोन मिनिटे लागतात आणि दुखत काहीच नाही.

चपलेबद्दलही सांगते. अंगठ्याची चप्पल, मग ती कोल्हापुरी असो की रबरी, या पायाला वाईट. ती धरून ठेवण्यासाठी बोटे सतत आवळावी लागतात आणि बेचक्यात घासते. मागे पट्टा असलेली, मऊ एमसीआर (मायक्रोसेल्युलर, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या) रबराची चप्पल घ्यावी. ती पूर्वी कुष्ठरुग्णांसाठी म्हणून ओळखली जायची, त्यामुळे पुष्कळ जण घालायला लाजतात. पण बधिर पायाचे शास्त्र आपल्याला कुष्ठरोगानेच शिकवले. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की बोटे झडतात ती रोगाने आपोआप नव्हे, वेदना नसल्यामुळे होणाऱ्या रोजच्या इजांनी. मधुमेही पायालाही तेच लागू आहे.

मांडवीतीर

मी पणजीचा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचे आणि त्यात गोव्याचे प्रमाण सर्वाधिक, २६.४ टक्के, असल्याचे आले होते; तेव्हा आमच्याकडे हा विषय घरोघरचा आहे.

मला दोन शंका आहेत. माझे स्वतःचे पाय उलट गरम असतात, पावलावरच्या शिरा फुगलेल्या दिसतात आणि घोट्यापाशी नाडी जोरात लागते. मग माझा रक्तपुरवठा उत्तम आहे असे समजावे का? दुसरे म्हणजे, नडगीवर तपकिरी, किंचित खोलगट डाग पडले आहेत. ते कशाचे?

सूक्ष्मदर्शी

डाग आधी. नडगीवरचे असे डाग मधुमेहात बरेच दिसतात. ते दुखत नाहीत, खाजत नाहीत आणि त्यांना उपचार लागत नाहीत. कातडीतल्या बारीक वाहिन्यांच्या बदलांशी त्यांचा संबंध जोडला जातो. ते दिसले की डोळ्यांचा पडदा आणि लघवीतले अल्ब्युमिन हे प्रथिन तपासून घ्यावे एवढेच म्हणेन, कारण तिथल्या वाहिन्याही त्याच कुळातल्या आहेत.

गरम पायाची गोष्ट मात्र फसवी आहे. कातडीत रोहिणीतून थेट नीलेत जाणाऱ्या काही आडवाटा असतात, ज्या शरीराला उष्णता बाहेर टाकण्यासाठी लागतात. त्यांवर स्वायत्त, म्हणजे आपल्या इच्छेविना आपोआप काम करणाऱ्या, चेतातंतूंचा ताबा असतो. मधुमेहात हे तंतू निकामी झाले की आडवाटा कायमच्या उघड्या राहतात आणि रक्त केशवाहिन्यांना बगल देऊन परत फिरते. पाय गरम, शिरा टपोऱ्या, नाडी ठणठणीत. आणि तरीही जिथे देवाणघेवाण व्हायची त्या जाळ्यात रक्त कमी! त्याच तंतूंच्या अभावी घाम बंद होतो, कातडी कोरडी पडते, टाचा फुटतात आणि भेगांतून जंतू शिरतात. आपल्या तळपायांना घाम येतो का, हे जरा पाहा.

चेतातंतू का मरतात याचे उत्तरही काही अंशी याच जाळ्यात आहे. प्रत्येक चेतातंतूला स्वतःचा रक्तपुरवठा असतो आणि तो त्याच्या अंगावरच्या सूक्ष्म वाहिन्यांतून होतो. त्या बिघडल्या की तंतू उपाशी पडतो. शिवाय साखर त्याला थेटही इजा करते. सर्वांत लांब तंतू आधी थकतात, म्हणून बधिरपणा पायाच्या बोटांपासून मोज्यासारखा वर चढतो, आणि तो गुडघ्याच्या आसपास आला की तितक्याच लांबीचे हाताचे तंतू थकून बोटांना हातमोज्यासारखा बधिरपणा येऊ लागतो.

भाकरीचे_पीठ

हातांचा विषय निघाला म्हणून लिहिते. मला मधुमेह होऊन बारा वर्षे झाली. भाकरी थापताना पंजा पूर्ण उघडत नाही असे लक्षात आले. मी वयावर ढकलले. परवा देवापुढे हात जोडले तेव्हा नातीने विचारले, “आजी, तुझ्या हातांमधून उजेड का दिसतो?” तळवे एकमेकांना टेकतच नव्हते, मध्ये बोटभर फट. शिवाय रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना इतक्या मुंग्या येतात की झोपेतून उठून हात झटकावा लागतो. हेही बारीक रक्तवाहिन्यांमुळेच का?

सूक्ष्मदर्शी

आपल्या नातीने जे पाहिले ते तपासणीचे एक मान्य लक्षण आहे. इंग्रजी पुस्तकांत त्याला प्रार्थनेची खूण म्हणतात. आपल्याकडे नमस्काराची खूण म्हणायला हरकत नाही. साखर चिकटून कातडीतले आणि सांध्यांभोवतीचे कोलॅजन हे प्रथिन ताठर झाल्यामुळे बोटांचे सांधे पूर्ण सरळ होत नाहीत. ही खूण असलेल्यांमध्ये डोळे आणि मूत्रपिंड यांच्या बारीक वाहिन्यांचे बदलही अधिक आढळतात, म्हणून तिला महत्त्व आहे. बोट वाकल्यावर खटकन अडकणे हे त्याच कुटुंबातले.

रात्रीच्या मुंग्यांचे मूळ बहुधा वेगळे आहे. अंगठा, तर्जनी आणि मध्यमा यांनाच मुंग्या येणे, आणि करंगळी मोकळी असणे, हे मनगटातल्या बोगद्यात चेतातंतू दबल्याचे लक्षण आहे. मधुमेहात ते जास्त आढळते, आणि त्यावर रात्री मनगटाला पट्टी बांधण्यापासून छोट्या शस्त्रक्रियेपर्यंत उपाय आहेत. ‘साखरेमुळे मुंग्या येणारच’ म्हणून ते सोडून देऊ नये.

आणखी एक तपासणी सुचवतो. हात आणि पाय एकाच सुमारास बधिर झाले असतील तर जीवनसत्त्व बी-१२ पाहावे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी मध्यमवयीन पुरुषांची पाहणी केली तेव्हा सुमारे दोनतृतीयांश जणांत ते कमी आढळले होते. शाकाहार हे त्याचे एक मोठे कारण. त्यात वर्षानुवर्षे मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू असेल तर ते आणखी घटते. हा बधिरपणा वेळेवर ओळखला तर सुधारतो.

हातांना पायांइतक्या जखमा मात्र होत नाहीत. हातांवर उभे राहण्याचा दाब नाही, शरीराचे वजन नाही, त्यांच्या रोहिण्या क्वचितच बुजतात, आणि हात सतत डोळ्यांसमोर असतात. तरीही काटा रुतला, सुरी लागली आणि पंजा सुजू लागला, तर घरी थांबू नये; मधुमेही हातातला जंतुसंसर्ग तळव्यात झपाट्याने पसरतो.

माणदेशी

टोचऱ्या चपला सासऱ्यांच्या खोलीतून काढून टाकल्या. एक विचारतो. त्यांची साखर चारशेच्या घरात असे. इन्सुलिन सुरू केल्यावर तीन महिन्यांत तीन महिन्यांची सरासरी, ते एचबीए१सी, १२ वरून ७.५ वर आली, आणि नेमकी तेव्हाच तळपायांची आग भयंकर वाढली. ते म्हणतात, इन्सुलिननेच नसा जाळल्या. आता टोचून घ्यायला तयार नाहीत.

सूक्ष्मदर्शी

सासऱ्यांनी पाहिले ते खरे आहे, त्यांनी काढलेला अर्थ तेवढा चुकीचा आहे. फार वाढलेली साखर फार वेगाने खाली आणली की काहींना अशी तीव्र आग होते. १९३३ पासून वैद्यकीय लिखाणात तिची नोंद आहे. सरासरी तीन महिन्यांत दोन अंकांहून अधिक उतरली की हा धोका वाढतो. ही आग बहुधा काही महिन्यांत ओसरते, आणि तोवर वेदना कमी करणारी औषधे देता येतात. इन्सुलिन बंद केले तर मूळ दुखणे चालू राहील.

साखर आटोक्यात ठेवण्याचा बारीक वाहिन्यांना किती उपयोग होतो, याचे आकडे भक्कम आहेत. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या १,४४१ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात काटेकोर नियंत्रणाने चेतातंतूंचा विकार सुमारे ६० टक्क्यांनी कमी झाला. ब्रिटनमध्ये दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांवरचा मोठा अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी ७.९ ऐवजी ७ ठेवल्यावर बारीक वाहिन्यांचे विकार २५ टक्क्यांनी घटले. मोठ्या रोहिण्यांना मात्र केवळ साखर उतरवून एवढा फायदा होत नाही. तिथे रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू यांचा हिशेब पाहावा लागतो. विडी-सिगारेट तर सोडावीच, पण आपल्याकडच्या कित्येक बायका मशेरी लावतात आणि त्यांना कोणी विचारतही नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. काय झाले ते सविस्तर लिहितो, कारण हा धागा वाचून आम्ही दुसरे मत घेतले.

दुसऱ्या शहरातल्या रक्तवाहिन्यांच्या शल्यचिकित्सकांनी आधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढले. ते १.४५ आले. आम्हाला वाटले, एकापेक्षा जास्त म्हणजे चांगलेच. त्यांनी सांगितले की मधुमेहात रोहिणीच्या भिंतीत चुना साठून ती नळासारखी कडक होते, पट्ट्याने दाबली जात नाही, आणि म्हणून आकडा खोटा मोठा येतो. मग त्यांनी अंगठ्याला छोटा पट्टा बांधून तिथला दाब मोजला. तो फक्त २८ मिलिमीटर पारा भरला. ३० च्या खाली जखम भरणे अवघड असते, असे ते म्हणाले.

अँजिओग्राफीत पोटरीतल्या तीनपैकी दोन रोहिण्या बंद दिसल्या, आणि पावलाच्या वरच्या बाजूची रोहिणी, सूक्ष्मदर्शी यांनी लिहिले होते तशीच, मोकळी होती. फुगा घालून एक वाट उघडली. अंगठ्याचा दाब ५४ वर आला. जखमेखालच्या हाडाला जंतुसंसर्ग झाला आहे का ते एमआरआय काढून पाहिले. सुदैवाने झालेला नव्हता. त्यानंतर मेलेली कातडी काढली, आणि जखमेवर भार येऊ नये म्हणून गुडघ्यापर्यंतचे प्लॅस्टर घातले. वडिलांना सर्वांत जास्त त्रास झाला तो या प्लॅस्टरचा. रोज सकाळी कृष्णेच्या घाटावर जाणारा माणूस सात आठवडे ओसरीवर बसून राहिला.

जखम आता तुरीच्या दाण्याएवढी उरली आहे. अंगठा जागेवर आहे. डाव्या पायाची तपासणी पुढच्या मंगळवारी आहे. मुंग्या तशाच येतात. त्या नसा वेगळ्या, हे आता आईच सगळ्यांना सांगते.

जुनी_पांढरी_टोपी

घरातली ब्लेडे आणि औषधाच्या दुकानातल्या त्या कॉर्नच्या पट्ट्या आधी फेकून द्या. पट्टीतल्या आम्लाला भोवरी कोणती आणि चांगली कातडी कोणती ते कळत नाही. डाव्या पायालाही भोवरी आहे का, ते आज रात्रीच पाहून इथे लिहा.

कृष्णाकाठ

पाहिली. आहे, करंगळीच्या बुडाशी. तिच्याभोवतीची कातडी हाताला जरा गरमही लागते. मंगळवारची वाट पाहत नाही, उद्या सकाळीच घेऊन जातो.